आईचा प्रश्न आणि चौतीस एपिसोड: ऑस्ट्रेलियन वेस्टर्न कसं बघायचं, कसं जोखायचं

एका रविवारी दुपारी मी लॅपटॉपवर एक जुनी ब्लॅक अँड व्हाइट सिरीयल लावून बसलो होतो. घोडागाडी धावतेय, धूळ उडतेय, हॅटवाले बाप्ये एकमेकांवर बंदुका रोखतायत, सगळं नेहमीचं. आई शेजारी कोथिंबीर निवडत होती, तिने चष्म्यावरून एक नजर टाकली आणि म्हणाली, "हे उटीचं शूटिंग काय रे?"

मी हसलो, पण पॉज करून बघितलं तर खरंच मागे सगळी निलगिरीची झाडं. पुढे काउबॉय आणि मागे निलगिरी. आईने हॉलिवूडची एकही वेस्टर्न धड बघितलेली नाही, पण गोम बरोब्बर पकडली. हे अमेरिका नव्हतंच. ही 'व्हिपलॅश' नावाची १९६० ची मालिका, सिडनीजवळ शूट झालेली, अर्ध्या अर्ध्या तासाचे एकूण चौतीस एपिसोड. मी हल्ली एकेक एपिसोड बघून त्याचा रिव्ह्यू लिहितोय आणि मित्रमंडळी दर वेळी तेच विचारतात, की वेस्टर्न ऑस्ट्रेलियात कसं काय, आणि साठ वर्षांपूर्वीच्या एपिसोडचा रिव्ह्यू कोण वाचतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मलाही टोचतं, पण पहिल्याचं नीट देता येतं.

वेस्टर्न म्हणजे दिशा नाही

वेस्टर्न म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या पश्चिम अमेरिकेच्या गोष्टी, हे झालं शब्दाचं मूळ. पण गोष्टीचा सांगाडा बघितला तर तो असा की एक अशी जागा जिथे माणसं पोचलीत पण कायदा अजून वाटेत आहे. पैसा आलाय, दारूचं दुकान आलंय, पोलीस ठाणं अजून यायचंय, मग न्याय कोण करणार? शहराबाहेर नवीन प्लॉटिंग पडतं, घरं उभी राहतात, लोक राहायला येतात, पण ना दिवे ना पाणी ना चौकी, आणि तिथे एक 'दादा' आपोआप तयार होतो, तसं. या सांगाड्याला अमेरिकाच लागते असं कुठेय? इटलीवाल्यांनी केलं त्याला लोक स्पॅगेटी वेस्टर्न म्हणाले, आपल्याकडच्या डाकू आणि घोडेवाल्या सिनेमांना करी वेस्टर्न, आणि ऑस्ट्रेलियातल्याला मीट पाय वेस्टर्न. मीट पाय म्हणजे आत खिमा भरलेला छोटा पाय, तिकडे मॅच बघताना हातात असतोच, आपला वडापावच समजा. नावं ठेवण्यात पोटाचा विचार आधी, हे जगभर सारखंच.

पण ऑस्ट्रेलियाकडे स्वतःचं काय होतं?

भरपूर होतं, आणि लोक इथेच चुकतात, त्यांना वाटतं अमेरिकेचं बघून यांनी हॅट चढवली. १८५१ मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये बाथर्स्टजवळ सोनं सापडलं, लगेच व्हिक्टोरियात बॅलारॅट आणि बेंडिगोला सापडलं, आणि जगभरातून माणसं जहाजं भरभरून तिकडे लोटली. पण ती ज्या देशात उतरली तो मुळात इंग्रजांनी कैदी पाठवायला वसवलेला. बेड्यांतून सुटलेले, पळालेले, त्यांची मुलं, सगळे तिथेच होते. त्यातले काही रानात घुसून वाटमारी करायला लागले, त्यांना म्हणतात बुशरेंजर. बुश म्हणजे तिकडचं रान. हा शब्द एकदाच सांगतो, पुढे सारखा लागणारे.

आता फरक बघा. अमेरिकन गोष्टीत शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, बऱ्याचदा गावानेच निवडलेला, गावातलाच माणूस. ऑस्ट्रेलियात पोलीस वरून, सरकारकडून आलेले, आणि खाणीवर ते दिसायचे लायसन तपासायला. सोनं सापडो न सापडो, खोदायच्या परवान्याचे महिन्याला तीस शिलिंग मोजा. याच चिडीतून ३ डिसेंबर १८५४ ला बॅलारॅटला युरेका स्टॉकेडची लढाई झाली, खाणकामगार एका बाजूला, सरकारी शिपाई दुसऱ्या बाजूला. पुढच्या वर्षी तो मासिक परवाना गेला आणि वर्षाला एक पाउंड असा हक्काचा कागद आला. त्यामुळे तिथल्या सामान्य माणसाच्या मनात वर्दीबद्दल जी अढी आहे ती अमेरिकन वेस्टर्नमध्ये या जातीची मिळत नाही, आणि बुशरेंजरबद्दल एक छुपं प्रेम आहे. आपल्याकडे इंग्रजांच्या कागदात दरोडेखोर असलेल्या उमाजी नाईकांना लोक राजे म्हणायचेच ना, साधारण ती भावना, फक्त उमाजींच्या बंडात जेवढं राजकारण होतं तेवढं प्रत्येक बुशरेंजरमध्ये शोधायला जाऊ नका, बरेचसे निव्वळ लुटारू होते.

हे प्रेम सरकारला इतकं खुपलं की १९११-१२ च्या सुमाराला साउथ ऑस्ट्रेलिया, न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियाने बुशरेंजरवरचे सिनेमे चक्क बंद केले. आणि हे त्या देशात, जिथे १९०६ मध्येच नेड केली या बुशरेंजरवर तासाभराहून मोठा सिनेमा निघाला होता, जगातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून तोच मोजला जातो! म्हणजे स्वतःची वेस्टर्न त्यांनी आधी जन्माला घातली, मग स्वतःच तिचा गळा दाबला, आणि मोकळ्या झालेल्या पडद्यावर अमेरिकन काउबॉय आरामात येऊन बसला.

कॉब अँड कंपनी, म्हणजे तिकडची एसटी

'व्हिपलॅश'चा हिरो ना शेरीफ ना बुशरेंजर. तो गाडीमालक आहे. ख्रिस्टोफर कॉब नावाचा अमेरिकन माणूस ऑस्ट्रेलियात येतो आणि घोडागाड्यांची सर्व्हिस सुरू करतो, एवढीच कल्पना, आणि तिच्यामागे खरी कंपनी आहे. फ्रीमन कॉब नावाचा मॅसॅच्युसेट्सचा तरुण १८५३ मध्ये मेलबर्नला आला, तीन अमेरिकन भागीदार घेतले, आणि ३० जानेवारी १८५४ ला त्यांची पहिली गाडी मेलबर्नहून खाणींकडे सुटली.

आपल्या एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली, आणि त्यानंतर ज्या गावात लाल गाडी पोचली ते गाव नकाशावर आलं असं आपण धरतो ना, तसंच तिकडे कॉबच्या गाडीचं झालं. टपाल त्यातूनच, सोनं त्यातूनच, वर्तमानपत्रं आणि नवऱ्याकडे निघालेल्या बायकाही त्यातूनच. ठरावीक मैलांवर घोडे बदलायचे ठाणे, तिथेच चहापाणी, तिथेच गप्पा, आणि पुढे तिथेच गाव. १८७० च्या सुमाराला रोज सहा हजार घोडे जुंपले जायचे आणि आठवड्याला २८ हजार मैलांचा प्रवास व्हायचा. शेवटची गाडी क्वीन्सलंडमध्ये धावली ती थेट १९२४ साली, म्हणजे मोटारगाड्या फिरायला लागल्यावरही.

यात एक तांत्रिक भानगड आहे जी मला फार आवडते. इंग्रजी बनावटीच्या गाड्यांना पोलादी स्प्रिंगा असायच्या, त्या तिकडच्या खडबडीत वाटांवर मोडायच्या. कॉबने वापरल्या त्या अमेरिकन कॉन्कॉर्ड पद्धतीच्या, म्हणजे गाडीचा सांगाडा जाड चामड्याच्या पट्ट्यांवर टांगलेला. लहान बाळ झोळीत घातलं की खालून कितीही आदळआपट झाली तरी झोळी झुलते, आदळत नाही, तसं. स्प्रिंग मोडली तर लोहार हवा, पट्टा तुटला तर चामड्याचा तुकडा आणि दाभण पुरे. गाडी वळताना केबिन वेगळी हेलकावते आणि चाकं वेगळी उडतात, हे एपिसोडमध्ये नीट दिसतं, पुढच्या वेळी मारामारी सोडून तिकडे बघा.

खरा कॉब कुठे गेला?

हा आक्षेप हमखास येतो, की इतिहास मोडला. हो, मोडला. खरा कॉब सुरुवात करून १८५६ मध्ये कंपनी विकून घरी निघून गेला, मॅसॅच्युसेट्सच्या सिनेटमध्ये बसला, मग दक्षिण आफ्रिकेत हिऱ्याच्या खाणींकडे पुन्हा गाड्या चालवायला गेला आणि १८७८ मध्ये तिकडेच वारला. कंपनी खऱ्या अर्थाने मोठी केली ती १८६१ पासून जेम्स रदरफर्ड नावाच्या दुसऱ्या अमेरिकनाने आणि त्याच्या भागीदारांनी, बाथर्स्टला मुक्काम हलवून. पण रदरफर्डचं काम म्हणजे हिशेब, टपालाचे ठेके, घोड्यांची खरेदी, यावर मारामारीचे चौतीस एपिसोड निघत नाहीत. म्हणून मालिकेने सुरुवातीच्या माणसाचं आडनाव घेतलं, पुढचं नाव बदललं, आणि हातात चाबूक दिला. मी रिव्ह्यूमध्ये यासाठी एकही मार्क कापत नाही. नाव बदलणं म्हणजे बोर्डच लावलाय की ही गोष्ट आहे.

पैसा लंडनचा, हिरो अमेरिकेचा, धूळ सिडनीची

ऑस्ट्रेलियात टीव्ही सुरू झाला १९५६ ला. (आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ चं, त्यामुळे 'लहानपणी बघितली होती' असं कोणी मराठी माणूस या मालिकेबद्दल म्हणाला तर तो तिकडेच वाढलाय किंवा गप्पा मारतोय.) टीव्ही आला पण दाखवायचं काय, तर अमेरिकन माल, स्वस्त आणि तयार. तिकडच्या सिनेटच्या व्हिन्सेंट समितीच्या १९६३ च्या अहवालात म्हटलंय की तोवर टीव्हीवर दाखवलेल्या नाट्यमालिकांपैकी ९७ टक्के अमेरिकेतून आलेल्या होत्या. शंभरातल्या उरलेल्या तिनात जी गर्दी होती त्यात 'व्हिपलॅश'.

आणि तीही पूर्ण त्यांची नाही. पैसा आणि विक्री ब्रिटिश टीव्ही कंपनी एटीव्ही आणि तिच्याच गोतावळ्यातली आयटीसी यांच्याकडची. हिरो पीटर ग्रेव्हज, अमेरिकन, जो पुढे १९६७ पासून 'मिशन इम्पॉसिबल' मालिकेत चमकला, आणि ज्याचा सख्खा भाऊ जेम्स आर्नेस त्याच वेळी 'गनस्मोक'मध्ये मार्शल होता, एका घरात दोन वेस्टर्न. काही एपिसोड लिहिले जीन रॉडनबेरीने, जो पुढे 'स्टार ट्रेक' काढणार होता. शूटिंग सिडनीच्या फ्रेंचेस फॉरेस्ट भागातल्या आर्ट्रान्सा स्टुडिओचं आणि आजूबाजूच्या रानाचं, बाकी नट बहुतेक स्थानिक. लग्नाला कार्यालय मुलीकडचं, पैसे मुलाकडचे, आणि आचारी तिसऱ्याच गावचा, मग जेवणाची चव कुणाची? ही भांडाभांडी प्रत्येक एपिसोडमध्ये दिसते.

मग एपिसोड जोखायचा कसा? आईचा प्रश्न विचारून

इथे मी माझी पद्धत सांगतो, शास्त्रीय वगैरे काही नाही. एपिसोड संपला की स्वतःला विचारायचं, निलगिरी काढून तिथे ॲरिझोनाचं निवडुंग लावलं तर गोष्ट तशीच्या तशी उभी राहते का? राहिली, तर ती भाड्याची गोष्ट आहे, फक्त शूटिंग 'उटी'चं. पडली, तर ती खरी तिथली.

समजा एक गोष्ट अशी: तीन लुटारू गाडी अडवतात, हिरो पाठलाग करतो, ठोसाठोशी, खलास. ही कुठेही चालेल, सातारा-कोरेगाव रोडवरही चालेल. आता दुसरी समजा: गाडीतल्या एका इज्जतदार व्यापाऱ्याला लुटारू ओळखतो, कारण दोघं एकाच कैदी-जहाजातून आले होते, आणि व्यापाऱ्याने ते गावापासून लपवलंय. ही गोष्ट ॲरिझोनात नेऊच शकत नाही, तिचं हाड ऑस्ट्रेलियाचं आहे. (दोन्ही माझ्या मनच्या आहेत, मालिकेत शोधत बसू नका.) खाणीचा परवाना, शिक्षा भोगून बाहेर आलेला माणूस, सोन्याच्या सरकारी गाडीची पहाऱ्यासकट वाहतूक, महिनोन्महिने पाऊस नसणं, यापैकी कशाने गोष्ट पुढे सरकली तर माझ्याकडून मार्क वाढतात. नुसता मध्येच कांगारू उडी मारून गेला तर नाही. कांगारू म्हणजे पोह्यांवरचं ओलं खोबरं झालं, पोहे कसे झालेत ते सांगा.

एक गोष्ट मात्र मालिकेच्या मुळातच अवघड आहे. हिरो गाडीमालक, म्हणजे लुटली जाणारी गाडी त्याची, त्यामुळे बुशरेंजर आपोआप खलनायक. वर सांगितलेलं ते छुपं प्रेम कुठे जाणार? म्हणून ज्या एपिसोडमध्ये समोरच्याला दोन मिनिटं बोलू दिलंय, त्याची बाजू बाजू वाटेल इतपत, तिथे मी थांबून बघतो. तसले एपिसोड थोडे आहेत, पण ग्रेव्हज त्यात अचानक चांगला वाटतो, कारण त्याचा तो घट्ट जबडा, जो एरवी लाकडी वाटतो, तिथे विचारात पडल्यासारखा दिसतो.

"सगळे एपिसोड सारखेच वाटतात, माणूस बदलतच नाही"

बदलू शकतच नव्हता. अमेरिकेत ही मालिका सिंडिकेशनमध्ये गेली, म्हणजे एका मोठ्या चॅनलने देशभर एकाच वेळी दाखवण्याऐवजी गावोगावच्या स्टेशनांना सुटी सुटी विकली. पूर्वी केबलवाला हातात येईल ती सीडी लावायचा, पहिल्या भागानंतर पाचवा, मग दुसरा, तसंच. जी मालिका कुठल्याही क्रमाने लागणार तिच्यात एपिसोड सातमध्ये कॉबचं लग्न लावलं तर एपिसोड आठ आधी लागलेल्या गावात बायको कुठून आणायची? म्हणून दर एपिसोडच्या शेवटी सगळं होतं तिथे परत. हा आळस नव्हता, धंद्याची अट होती. आजच्या वेबसिरीजची सवय घेऊन इथे आलात तर चिडचिड होणार. ही कादंबरी नाही, कथासंग्रह आहे, आणि कथासंग्रहातली एखादी कथा फसली म्हणून आपण पुस्तक फेकत नाही.

जाहिराती वजा जाता हातात उरतात पंचविसेक मिनिटं. त्यात नवा माणूस आणायचा, त्याचं दुखणं सांगायचं, गाडी पळवायची, मारामारी करायची आणि घरी पाठवायचं. त्यामुळे मी बघतो की पाहुणा नट पहिल्या दोन मिनिटांत कसा कळतो. बोलून, की बॅग कशी धरलीय त्यावरून? दुसरं जमलं असेल तर लेखक-दिग्दर्शक जागे होते.

"जुन्या गोष्टीला आजची फूटपट्टी कशाला?"

हा सगळ्यात जड आक्षेप, आणि अर्धा मला मान्य आहे. बाया बहुतेक वाचवल्या जाण्यासाठी आहेत, हे मी एकदा नोंदवतो आणि पुढे जातो. पण आदिवासींचं, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचं चित्रण आलं की मला पुढे जाता येत नाही. १९६० साली त्यांची देशाच्या अधिकृत लोकसंख्येत गणतीसुद्धा होत नव्हती, ते कलम मे १९६७ च्या सार्वमताने गेलं. ज्या माणसांना सरकार मोजत नव्हतं त्यांना पडद्यावर नाव, घर, मत असेल ही अपेक्षाच जास्त. तरीही या मालिकेत रॉबर्ट टुडावाली आहे, ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या टिवी नावाच्या बेटांवरचा नट, १९५५ च्या 'जेडा' या गाजलेल्या सिनेमाचा नायक. तो फ्रेममध्ये आला की बाकीच्यांकडे लक्ष जात नाही, आणि मग जास्तच डाचतं की या माणसाला काम किती कमी मिळालं, १९६७ मध्ये तो गेलासुद्धा.

तेव्हा मी फूटपट्टी दोन ठेवतो. त्या काळच्या इतर मालिकांच्या मानाने एपिसोड पुढे होता की मागे, हे एक, आणि आज बघताना घशाखाली उतरतं का, हे दुसरं. दोन्ही उत्तरं वेगळी आली तर दोन्ही लिहायची. आपली जुनी तमाशापटं बघताना आपण हेच करतो, गाणं आवडतं आणि एखाद्या संवादाला कसंनुसं होतं, दोन्ही एकाच वेळी.

चाबकाबद्दल थोडं, कारण 'व्हिप' म्हणजे चाबूक, नावातच आहे

अमेरिकन बुलव्हिपची मूठ आणि दोर एकसंध असतात, मूठ दोराच्या आतच विणलेली. ऑस्ट्रेलियन स्टॉकव्हिपची मूठ वेगळी, सुटी काठी असते आणि दोर तिला चामड्याच्या सांध्याने जोडलेला, त्यामुळे घोड्यावर बसून तो बाजूला टांगता येतो आणि मनगटाने फिरवता येतो. चांगला दोर कांगारूच्या कातड्याचा, पातळ आणि चिवट. आणि तो 'फट्' आवाज कुणाला लागल्याचा नसतोच, दोराचं टोक आवाजापेक्षा जास्त वेगाने जातं म्हणून हवेतच फुटतो, जेट विमानाचा धमाका होतो त्याचंच धाकटं भावंड. तर एपिसोड बघताना हिरोच्या हातातला चाबूक कुठल्या देशाचा आहे ते बघायला माझ्यासारख्या रिकामटेकड्याला फार मजा येते.

आता यातली गंमत. ऑस्ट्रेलियात एक अमेरिकन चाबूक फिरवायच्या पंचवीस वर्षं आधी, १९३५ मध्ये, आपल्या मुंबईत वाडिया मूव्हीटोनच्या 'हंटरवाली'त एक बाई घोड्यावर बसून चाबूक फिरवत होती, आणि ती फिअरलेस नादिया जन्मली होती पश्चिम ऑस्ट्रेलियात, पर्थला. त्यांची मुलगी आपण आधीच पळवली होती म्हणायचं.

शेवटचं, प्रिंटबद्दल

आज जे बघायला मिळतं ते अनेकदा झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स असते. आकाश पांढरंफटक, सावल्या काळ्याठिक्कर, चेहरा मध्येच गायब. त्यासाठी कॅमेरामनला शिव्या घालू नका. मात्र 'रात्रीच्या' सीनमध्ये जमिनीवर घोड्याची ठसठशीत सावली दिसली तर ती चोरी पकडा: भर उन्हात शूट करून फिल्टरने आणि कमी एक्स्पोजरने अंधार केलाय, याला डे-फॉर-नाइट म्हणतात, स्वस्तात रात्र करायची जुनी युक्ती.

परवा तसाच एक सीन चालू होता. आई या वेळी शेंगा सोलत होती. म्हटलं, बघ, रात्र आहे. ती म्हणाली, "रात्र? मग त्या घोड्याची सावली कुठून पडली?" आणि वर, "ती गाडी पुढच्या थांब्यावर घोडे बदलणारे ना, मग तेवढं झालं की बंद कर, मला बातम्या लावायच्यात."